शाहनामा आमच्या गावात पोथीच्या जागी चालेल का?

ओलिताचे वावर (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दरवर्षी मार्गशीर्षात पाच संध्याकाळी ग्रंथवाचन होते. कापसाची दुसरी वेचणी त्या सुमारास आटोपलेली असते आणि तुरीची सोंगणी लागायची असते, त्यामुळे माणसे जेवून निवांत येऊन बसतात. एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो, हीच आमची जुनी रीत आहे. आजवर पांडवप्रताप झाला, रामविजय झाला, ग्रामगीता तर दोनदा झाली. यंदा वाचकाची पाळी माझ्याकडे आल्यावर मी इराणी कवी फिरदौसीच्या शाहनामा या महाकाव्याचे नाव सुचवले, कारण शिक्षणासाठी बाहेर असताना मी त्याचे इंग्रजी गद्य भाषांतर वाचले होते आणि त्यातली सोहराबची गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या मनातून गेलेली नाही.

समितीच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला तो असा : "इराणच्या राजाचं आपल्याले काय करा लागते जी?" मला त्याचे चटकन उत्तर देता आले नाही. हा ग्रंथ मोठा आहे, हजार वर्षे जुना आहे, त्याने फारसी भाषा वाचवली असे म्हणतात, एवढे मी बोललो; पण बोलताना माझे मलाच कळत होते की ही सगळी ऐकीव वाक्ये आहेत. दुसऱ्या एका सदस्यांचे म्हणणे पडले की महाभारत घरात असताना परक्याच्या दारी युद्धकथा ऐकायला जाण्याचे कारण नाही, आणि ते मला अगदीच चुकीचे वाटले नाही.

तेव्हा विचारायचे ते हे की, इराणी माणसाच्या आयुष्यात या काव्याचे नेमके स्थान काय आहे, भाषा वाचवल्याचा दावा कितपत खरा आहे, आणि ज्यांचा फारसीशी काडीचा संबंध नाही अशा कास्तकारांपुढे पाच संध्याकाळी त्यातले काय ठेवावे?


जुना दप्तरी (अमरावती)

भाऊ, "फारसीशी काडीचा संबंध नाही" हे आपण ज्या वाक्यात लिहिले आहे, त्याच वाक्यात "कास्तकार" हा शब्द आहे आणि तो फारसी आहे. त्याविषयी पुढे कोणी लिहीलच. मी भाषेच्या दाव्यापुरते बोलतो.

एका ग्रंथाने भाषा वाचवली हे विधान ऐकायला गोड असले, तरी लोकांपुढे ते थोडे सावरून मांडावे. सासानी घराण्याचा शेवटचा राजा यज्दगिर्द ६५१ साली मर्व शहराजवळ एका पिठाच्या गिरणीत मारला गेला आणि इराण अरबांच्या सत्तेखाली गेला. पुढे दप्तराची आणि विद्येची भाषा अरबी झाली. पण घरात, बाजारात आणि शेतावर लोक फारसीच बोलत राहिले. दहाव्या शतकात बुखाऱ्याच्या सामानी राजवटीने या बोलीला दरबारात पाट मांडून दिला. ९४१ साली वारलेला रूदकी फिरदौसीच्या आधीच मोठा कवी म्हणून मान्य झालेला होता, आणि ९५७ साली तूस शहराच्या अबू मन्सूर नावाच्या सरदाराने जुन्या पहलवी (इस्लामपूर्व फारसी) बखरींवरून राजांचा गद्य इतिहास लिहवून घेतला होता. तो पद्यात बांधायला दकीकी या कवीने सुरुवात केली, पण हजारभर बैत (दोन चरणांचे पद्य) झाले आणि त्याचा खून झाला. फिरदौसीने सुमारे ९७७ मध्ये ते काम हाती घेतले आणि १०१० साली पुरे केले, म्हणजे आयुष्याची तीसहून अधिक वर्षे त्यात गेली. दकीकीचे ते हजार बैत त्याने नाव घेऊन आपल्या ग्रंथात जसेच्या तसे ठेवले, आणि मग ते फारसे चांगले उतरलेले नाहीत असेही तिथेच लिहून टाकले. प्रामाणिकपणा आणि खवटपणा इतक्या जवळ नांदताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तेव्हा मेलेली भाषा त्याने उठवली, असे झालेले नाही. "तीस वर्षे कष्ट करून मी या फारसीने अजम (म्हणजे इराण) जिवंत केला" अशा अर्थाचा जो बैत सर्वत्र सांगितला जातो, तोही मागाहून घातलेला असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. फिरदौसीने केले ते असे की जिवंत भाषेला सुमारे पन्नास हजार बैतांचे एकच मोठे घर बांधून दिले. वारा-पावसाने ढासळणार नाही असा काव्याचा उंच वाडा मी उभारला आहे, असे तो स्वतः म्हणतो आणि तो बैत मात्र त्याचाच आहे. परिणाम असा की आज इराणमधल्या शाळकरी मुलाला हजार वर्षांपूर्वीची ती ओळ थोड्याशा मदतीने कळते. आपल्याकडे १२९० ची ज्ञानेश्वरी अर्थाशिवाय लावता येत नाही, हे आपण दर चातुर्मासात अनुभवतो.

इथे आपल्या मातीतले उदाहरण द्यायचे तर रिद्धपूरचे द्यावे. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा पाया असलेला ग्रंथ महानुभावांनी सांकेतिक लिपीत जपला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उकलेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्यातले अक्षरही ठाऊक नव्हते. तो ग्रंथ झाकून ठेवल्यामुळे टिकला. शाहनामा चव्हाट्यावर म्हटला गेल्यामुळे टिकला. मूळ ग्रंथाची हस्तलिखिते पाहिली तर सर्वांत जुने उपलब्ध हस्तलिखित १२१७ सालचे, म्हणजे ग्रंथ पुरा झाल्यानंतर दोन शतकांनी लिहिलेले आहे, आणि तेही अर्धेच आहे. मधल्या दोनशे वर्षांत तो लोकांच्या तोंडी किती असेल याचा यावरून अंदाज करावा.


मृगबहार (वरूड)

मी फारसीची अभ्यासक नाही, पण आमच्या घरी सासूबाईंपासून पोथी लावण्याची परंपरा आहे आणि आता ती माझ्याकडे आली आहे, म्हणून वाचनाच्या अंगाने लिहिते.

इराणमध्ये नक्काल नावाचे कथेकरी असतात. चहाच्या दुकानात हातात काठी घेऊन नक्काल उभा राहतो, शाहनाम्यातला प्रसंग कधी गद्यात सांगतो, कधी बैत म्हणतो, आवाज चढवतो, टाळी देतो, आणि ऐन रंगात आले की आजची कथा थांबवून ऐकणाऱ्याला उद्या पुन्हा यायला लावतो. आपल्या कीर्तनकाराला यातले काही नवे शिकवावे लागणार नाही. २०११ साली युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याच्या यादीत घातली, याचा अर्थ तिचे दिवस बरे नाहीत. तिथल्या तालमीत, म्हणजे जोरखान्यात, उंच बैठकीवर बसलेला मुर्शिद ढोलाच्या ठेक्यावर शाहनाम्यातले बैत म्हणतो आणि खाली पहिलवान मुद्गल फिरवतात. आपल्याकडच्या कुस्तीतला "रुस्तुम-ए-हिंद" हा किताब ज्याच्या नावाचा, तो रुस्तम याच ग्रंथातला आहे. तेव्हा भाऊ, तुमच्या गावात आखाडा असेल तर रुस्तम तिथे कधीचा येऊन बसलेला आहे.

सोहराबची कथा तुम्ही वाचलीच आहे. बापाने मुलाला कधी पाहिलेले नाही. मुलगा बापाला शोधत शत्रूच्या सैन्याचा सरदार होऊन येतो. नाव विचारले तर रुस्तम आपले नाव सांगत नाही. पहिल्या कुस्तीत मुलगा बापाला चीत करतो, तेव्हा बाप त्याला फसवून सांगतो की आमच्यात पहिल्या चितीला मारण्याची रीत नाही. आणि दुसऱ्या वेळी मुलगा खाली येताच मात्र स्वतः कट्यार चालवतो. दंडावर बांधलेला मणी दिसतो तो त्यानंतर. मग रुस्तम राजा कैकाऊसकडे जखम भरून काढणारे नोशदारू मागतो, राजा भीतीने आणि हेव्याने ते देत नाही, आणि तोवर सोहराब गेलेला असतो. "सोहराब मेल्यावर नोशदारू" ही म्हण इराणात आजही रोजच्या बोलण्यात आहे. आपण तिथे "बैल गेला अन् झोपा केला" म्हणतो. माझ्या दृष्टीने एखाद्या काव्याचे समाजातले स्थान मोजायचे असेल, तर सत्कार-समारंभापेक्षा हे मोजावे : ज्याने तो ग्रंथ कधी उघडलेला नाही, तो बाजारात भाव करतानाही त्यातले बोलतो का?

महाभारत असताना हे कशाला, असे तुमच्याकडे म्हणाले. पण ही गोष्ट महाभारताशेजारी ठेवूनच वाचण्यासारखी आहे. बभ्रुवाहन बापाला मारतो, पण उलूपी मणी आणते आणि अर्जुन उठून बसतो. फिरदौसीकडे मणी आहे, पण तो फक्त ओळख पटवतो आणि कोणालाही उठवत नाही. हा फरक ऐकणाऱ्याला आपणच सांगू नये. दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचाव्यात आणि गप्प बसावे.

आणखी एक. त्या कथेच्या आरंभी कवी विचारतो की एखाद्या कोपऱ्यातून वादळ उठले आणि न पिकलेले तुरंज त्याने मातीत पाडले, तर त्याला न्याय म्हणावा की अन्याय? तुरंज म्हणजे महाळुंग, आपल्या संत्र्याचे भाऊबंद. ज्याने अंबिया बहाराची फळगळ डोळ्यांनी पाहिली आहे, झाडाखालचा तो हिरवा सडा फावड्याने ओढला आहे, त्याला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागेल असे मला वाटत नाही. "बहार" हा शब्दही फारसीच आहे, हे मला हे लिहिता लिहिता सुचले.


शंकेखोर (वणी)

सर्वांनी फार सुंदर लिहिले आहे, म्हणूनच थोडे विरजण घालतो. ग्रंथाचे नावच राजांचा ग्रंथ असे आहे. तो महमूद गझनवीला अर्पण केलेला आहे, त्यात महमूदाची स्तुती आहे, आणि महमूदाने आपल्या देशात काय केले हे गावातल्या पोरांनाही ठाऊक आहे. १९३४ साली तूसला फिरदौसीची भव्य समाधी उभी राहिली आणि देशोदेशीचे विद्वान बोलावून सहस्राब्दीचा उत्सव झाला, तोही रझाशाहच्या राजवटीत, ज्याला स्वतःच्या नव्या गादीसाठी जुन्या राजांचे तेज उसने हवे होते. मोठी काव्ये सत्तेच्या कामी येतात, आणि मग "सांस्कृतिक महत्त्व" या नावाखाली आपण सत्तेचेच महत्त्व गात बसतो. अनेक ठिकाणी स्त्रियांविषयी जे बैत येतात, ते आज आयाबहिणींसमोर वाचण्याजोगे नाहीत. सासानी राजांचा शेवटचा मोठा भाग तर दरबारी उपदेशांनी इतका भरलेला आहे की मी तिथे दोनदा पुस्तक मिटले.


जुना दप्तरी (अमरावती)

शंकेखोर, शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे; सासानी राजा नौशेरवानच्या प्रवचनांत मलाही डुलकी लागते. पण बाकीच्यासाठी काव्या लोहाराची गोष्ट वाचा.

जह्हाक नावाच्या राजाच्या खांद्यांवर दोन साप उगवतात आणि त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू खाऊ घालावे लागतात. दोन भले माणूस स्वयंपाकी बनून राजवाड्यात शिरतात. दोघांपैकी एकाच्या मेंदूऐवजी मेंढीचा मेंदू घालून रोज एक जीव वाचवतात, आणि वाचलेल्यांना शेळ्या-मेंढ्या देऊन डोंगरात पाठवून देतात. रोज एक वाचतो याचा अर्थ रोज एक मरतो, हे कवी विसरू देत नाही. एवढे सगळे चालू असताना राजा दरबारातल्या थोरांकडून एक लेखी साक्ष करून घेतो की आमच्या राजाने चांगल्याखेरीज काही पेरले नाही. सगळे सही करतात. तेवढ्यात काव्या आत येतो. त्याचे अठरा मुलगे होते, त्यांपैकी एकच उरला आहे आणि तोही आता पकडलेला आहे. राजा तो मुलगा सोडून देतो आणि म्हणतो, आता तूही सही कर. काव्या तो कागद फाडून पायाखाली तुडवतो, बाहेर येतो, कमरेचे कातडे भाल्याला बांधतो आणि लोक त्याच्यामागे जमतात. इराणच्या राजांचा पुढचा निशाण तो हाच : लोहाराचे कातडे, ज्यावर प्रत्येक नव्या राजाने आपले हिरे जडवले.

ज्या कागदावर सह्या घेतल्या, त्याला फिरदौसीने वापरलेला शब्द "महजर" असा आहे. शिवकालीन आणि पेशवाईतल्या वतनाच्या तंट्यांत गोतसभेने सह्या-निशाण्या करून दिलेला निवाडा म्हणजे महजर. आपल्या दप्तरांत तो शब्द पानोपानी आहे. तो मूळचा अरबी आहे, त्यामुळे फिरदौसीने एकही अरबी शब्द घेतला नाही ही दंतकथाही तिथेच निकालात निघते. त्याने ते थोडे घेतले, एवढेच खरे. खोट्या ठरावावर सही करायला नकार देणारा माणूस कोणत्या गावाला परका वाटेल, ते तुम्हीच सांगा.


एलिचपुरी (अचलपूर)

मी अनेक वर्षे फारसी आणि उर्दू शिकवली, आता निवृत्त आहे. वर दोन-तीन जागी जे शब्द निघाले त्यांना थोडी जोड देतो.

आमचे अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. इथे इमादशाही होती, तिच्या दप्तराची भाषा फारसी होती, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावरही तीच राहिली, आणि गाविलगड-नरनाळ्याच्या दगडांवर ती अजून वाचता येते. कास्तकार, हंगाम, जमीन, बागायत, पूर्व विदर्भातला मालगुजार हे सगळे त्या दप्तरातून वावरात उतरलेले शब्द आहेत. पुष्कळसे शब्द फारसीने अरबीतून उचलून आणले, उदाहरणार्थ आपला "शाहीर". शाहनाम्यातला "नामा" तर आपण पंचनामा, राजीनामा, जाहीरनामा यांत रोज उच्चारतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो या शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. म्हणजे त्यांचा शिरकाव किती खोल होता हे त्यावरूनही कळते. कुणाला मूळ शब्द पाहायचे असतील तर माधव जूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश अजून उपयोगी पडतो.

आपल्या लोकांना छंद कसा समजावा, असे कोणी विचारले तर मी मनाचे श्लोक म्हणायला सांगतो. भुजंगप्रयात म्हणजे लगागा (एक लघू, दोन गुरू) चार वेळा. शाहनामा ज्या मुतकारिब वृत्तात आहे ते म्हणजे लगागा लगागा लगागा लगा. शेवटचे एक गुरू अक्षर तेवढे गळते. सगळाच्या सगळा ग्रंथ याच चालीत आहे. वाचनाच्या पहिल्या दिवशी मुलांकडून मनाचे पाच श्लोक म्हणवून घ्यावेत आणि त्याच ठेक्यावर एखादा मूळ बैत म्हणून दाखवावा. अर्थ कळण्याआधी कान ओळख देतील. फारसी उच्चारांसाठी मदत लागल्यास मी यायला तयार आहे, एसटीची सोय तेवढी सांगावी.

देवाणघेवाण एकेरी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. हिंदुस्थानच्या राजाने बुद्धिबळाचा पट पाठवून इराणी दरबाराची परीक्षा घेतली आणि तिथल्या बुजुर्जमिहर वजिराने तो उलगडला, ही कथा शाहनाम्यात आहे. बुरजूया वैद्य संजीवनी शोधायला आपल्याकडे आला आणि औषधी वनस्पतीऐवजी पंचतंत्राच्या गोष्टी घेऊन परतला, ही कथाही त्यात आहे. पुढे अकबराच्या दरबारात फैजीने १५९४ साली नल-दमन नावाचे सुमारे चार हजार बैतांचे फारसी काव्य लिहिले. त्यातली दमन म्हणजे आपली दमयंती, विदर्भाच्या भीमराजाची मुलगी. इराणच्या राजांचे आपल्याला काय, असे आपले लोक विचारतात. फारसी जाणणाऱ्यांनी मात्र आपल्या राजकन्येविषयी असे विचारले नाही. छापील स्वरूपातला पहिला संपूर्ण शाहनामाही कलकत्त्यालाच निघाला, १८२९ मध्ये. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे नाव ज्यांच्याशी जोडलेले आहे त्या जमशेटजींच्या नावातला जमशेद याच ग्रंथातला राजा आहे, आणि पारशी घरांत रुस्तम, सोहराब, फरिदून, बेहराम ही नावे आपल्याकडच्या भीम-अर्जुनाइतकी सहज ठेवली जातात.

शंकेखोर यांनी महमूदाचा उल्लेख केला. त्याने सोन्याऐवजी चांदी पाठवली, कवीने ती हमामवाल्याला आणि सरबतवाल्याला वाटून टाकली, आणि उशिरा पश्चात्ताप होऊन पाठवलेले निळीने लादलेले उंट गावाच्या एका वेशीतून आत येत असताना दुसऱ्या वेशीतून कवीची तिरडी बाहेर पडत होती, ही गोष्ट बाराव्या शतकातल्या निजामी अरूजीने लिहून ठेवली आहे. ती इतिहास म्हणून सांगू नये, पण सांगावी जरूर. मात्र माझ्या मते आपल्या गावासाठी याहून मोलाच्या जागा ग्रंथाच्या कडेकडेने आहेत, जिथे कवी राजांची कथा थांबवून स्वतःविषयी बोलतो. तो देहकान होता, म्हणजे जुन्या खानदानाचा जमीनदार शेतकरी, आणि ग्रंथ पुरा होईतो त्याची स्थिती खालावलेली होती. आपण पासष्ट वर्षांचे असताना सदतीस वर्षांचा मुलगा गेला, आता जाण्याची पाळी माझी होती, असे तो लिहितो. सोहराब लिहिणाऱ्या हाताने हे लिहिलेले आहे. घरात मीठ लावलेले मांस नाही, सरपण नाही, जव नाही, जवाच्या कापणीपर्यंत दुसरे काही येण्याची आशा नाही आणि शेतसाऱ्याची धास्ती आहे, असेही लिहितो. आणि ऐन यज्दगिर्दच्या शेवटच्या कथेच्या सुमारास, साम्राज्य बुडत असताना, मध्येच एक बैत येतो : यंदा गारपीट आली ती मरणासारखी आली, त्या गारांपेक्षा मला मरण बरे होते. विद्यार्थ्यांना हा बैत शिकवताना मी दरवेळी खिडकीबाहेर पाहत असे.


ओलिताचे वावर (दारव्हा तालुका, यवतमाळ)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा बैठक झाली. पहिल्या संध्याकाळी काव्या लोहार आणि महजर, दुसऱ्या आणि तिसऱ्या संध्याकाळी सोहराब, त्याच्या शेजारी बभ्रुवाहन, चौथ्या दिवशी बुद्धिबळाची आणि बुरजूया वैद्याची कथा, पाचव्या दिवशी कवीचे स्वतःचे बोल, असे ठरले आहे. शंकेखोर यांच्या सूचनेप्रमाणे दरबारी उपदेशांचा भाग पूर्ण गाळला आहे. नल-दमनसाठी पुढच्या वर्षाचा एक दिवस आताच मागून घेतला. एलिचपुरी सर, कारंज्यावरून दारव्ह्याची गाडी मिळते. पुढे घ्यायला मी मोटरसायकल घेऊन येईन.

"इराणच्या राजाचं काय करा लागते" असे ज्यांनी विचारले होते, त्या काकांना मी शाहनाम्याचे महत्त्व वगैरे काहीच सांगितले नाही. त्यांच्या हरभऱ्यावर मागे गारा पडल्या होत्या, तेव्हा तो गारपिटीचा बैत तेवढा मराठीत वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला, तंबाखू मळता मळता थांबले, आणि विचारले, "मंग, पंचनामा झाल्ता का त्याचा?"